हेडफोनमधला सराउंड: नारायण पेठेतल्या घरच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

आजपासून तारखेनिशी लिहून ठेवते आहे. मागच्या दोन खरेद्या घाईत झाल्या, दोन्ही वाया गेल्या, आणि नेमकं काय चुकलं ते आता घरात कुणालाच नीट सांगता येत नाही.

घराची रचना अशी: दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, खिडकी नदीच्या बाजूला. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, टीव्ही आणि बाबांचा दिवाण. कॉम्प्युटरची एचडीएमआय वायर टीव्हीला जोडलेली आहे, त्यामुळे सिनेमाही कॉम्प्युटरवरूनच चालतो. संध्याकाळी सहा ते नऊ बाबांचा सिनेमा. रात्री साडेदहानंतर धाकट्या भावाचा गेम, आणि तेव्हा बाबा त्याच्यापासून सहा फुटांवर झोपलेले असतात. म्हणजे स्पीकरचा विचारच नको. हेडफोन एकच घ्यायचा, दोघांनी आलटून पालटून वापरायचा. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही.

मागण्या मात्र दोन टोकांच्या. धाकट्याला गेममधली पावलं कुठून येतात ते कळायला हवं: पुढून की मागून, वरच्या मजल्यावरून की खालून. बाबांना आवाज समोरून यायला हवा. "कानात नको बोलायला," असं त्यांनी सांगितलं. मी हौशी नाटकांचं साउंड बघते, म्हणून हे काम आपसूक माझ्याकडे आलं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. खिचडी खाऊन दुपारी जुना हेडसेट पुढ्यात घेतला. गेल्या दिवाळीत घेतलेला, खोक्यावर मोठ्या अक्षरात '७.१', म्हणजे सात दिशांचे सात आणि एक फक्त जड (बास) आवाजाचा, असे आठ वेगळे आवाज, ज्यांना चॅनेल म्हणतात. वायरच्या टोकाला साधी साडेतीन मिलिमीटरची पिन. ती पिन बाबांच्या भिंगाखाली धरली. तीन काळ्या रेघा, म्हणजे धातूचे चार तुकडे: डावा, उजवा, अर्थिंग आणि माइक. बस. या पिनेतून आठ वेगळे आवाज कानापर्यंत जाणं शक्यच नाही.

धाकटा म्हणाला, "मग फसवलं की आपल्याला." तसं सरसकट म्हणता येणार नाही. आपल्याला कान दोनच आहेत, आणि खोलीत सात स्पीकर लावले तरी शेवटी कानांच्या पडद्यांवर आपटतात ते दोनच आवाज. सात स्पीकरचा आवाज दोन कानांशी पोचताना कसा बदलतो हे गणितानं बरोबर करता आलं, तर दोन स्पीकरच्या हेडफोनमध्येही सात दिशा उभ्या राहतात. त्या हेडसेटमध्ये ते गणित कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्यायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतं. आम्ही ते कधी घातलंच नव्हतं. आज घातलं, तर सगळे आवाज मोरीत बसून बोलल्यासारखे घुमायला लागले.

म्हणजे खरा प्रश्न हा: साताचे दोन कुठे होतात, आणि कुणाच्या कानांच्या मापाने होतात. खोक्यावरच्या आकड्याकडे यापुढे बघायचं नाही.

१२ जुलै, शनिवार

पावसात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. एका दुकानात वेगळ्याच जातीचा हेडसेट मिळाला. एकेका कानाच्या वाटीत चार-चार छोटे स्पीकर, यूएसबीची वायर. दुकानदाराने कंटाळा न करता लॅपटॉपला लावून दाखवला. इथे चॅनेल खरोखर वेगळे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाटीत मागे बसवलेला स्पीकर कानापासून दोन बोटांवर असतो. मागच्या भिंतीजवळून येणारा आवाज डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांवर येतो. हा एकाच कानाच्या पाळीवर मागून फुंकर घालतो, दुसऱ्या कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय स्पीकर एवढाले बारीक की खालचा, म्हणजे जड (बास) आवाज जवळजवळ नाहीच. धाकट्याने दहा मिनिटं ऐकून स्वतःच परत दिला.

१३ जुलै, रविवार

दिशा कळते कशी, ते आधी घरातच बघायचं ठरवलं. धाकटा डोळे मिटून खुर्चीवर, मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्याच्याभोवती.

डावं-उजवं एकदाही चुकलं नाही. याचं कारण साधं आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. अगदी डाव्या अंगाच्या आवाजाला डोक्याला वळसा घालून उजव्या कानाशी पोचायला सुमारे ०.६५ मिलिसेकंद जास्त लागतात. डिजिटल आवाजात सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल) धरले, तर हा उशीर जेमतेम ३१ नमुन्यांचा. एवढ्याशा उशिरावर मेंदू बोट ठेवतो. साधारण १,५०० हर्ट्झच्या खालच्या आवाजांना हा उशीर कामाला येतो, वरच्या आवाजांना डोक्याची सावली: पलीकडच्या कानाला आवाज मंद पोचतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये ही दोन्ही कारणं एकत्र मांडली.

पण नाकासमोरचा आवाज आणि बरोबर पाठीमागचा आवाज, दोन्हींचा उशीर शून्य आणि सावली सारखी. तरी धाकट्याने पुढचं-मागचं दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं. हे कुठून आलं? पुस्तकातलं उत्तर कानाची पाळी हे आहे. पुढच्या शनिवारी ते पडताळून बघायचं.

१९ जुलै, शनिवार

आईकडून लिंबाएवढी कणीक मागून घेतली. "पोळ्यांची कणीक आणि कानात?" म्हणून ती कुरकुरली, मग स्वतःच तेलाचा हात लावून मऊ करून दिली.

कानाचं भोक उघडंच ठेवलं. त्याच्या बाहेर पाळीत ज्या घड्या आणि खळगे असतात, ते सगळे कणकेने भरून बोटाने सपाट केले. दोन्ही कान. लांबून बघितलं तर नुसत्या चकत्या. पुन्हा किल्ल्या.

डावं-उजवं आजही बिनचूक. पुढचं-मागचं दहापैकी पाच, म्हणजे निव्वळ अंदाज. आणि वर-खाली पूर्ण गेलं. मी खाली वाकून त्याच्या गुडघ्याजवळ जुडगा वाजवला तर त्याने पंख्याकडे बोट केलं. पुन्हा गुडघ्याजवळ, पुन्हा पंखा. डोळे उघडल्यावर त्याचा विश्वास बसेना. मग मी बसले, माझंही तेच झालं. ऐकू सगळं स्पष्ट येत होतं, फक्त आवाजांचे पत्ते हरवले होते.

म्हणजे पाळीच्या या घड्या आवाजातल्या वरच्या पट्ट्या, साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढच्या, कुठे दाबतात, कुठे उचलतात. वरून येणाऱ्या आवाजाला एक ठसा, खालून येणाऱ्याला दुसरा. प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या, म्हणून ठसेही वेगळे, आणि मेंदू लहानपणापासून फक्त आपलेच ठसे वाचायला शिकलेला असतो. हे सगळे ठसे मिळून जी नोंद होते तिला एचआरटीएफ म्हणतात. हेडफोनचं प्रत्येक 'सराउंड' कुणाच्या तरी एचआरटीएफवर चालतं. ते कान आपल्या कानांच्या जवळचे असतील तर पुढचं-मागचं जुळतं, नसतील तर कणीक लावल्यासारखं होतं.

जुन्या हेडसेटचं कोडं मला इथे सुटलं.

२३ जुलै, बुधवार

ऑफिसातून येताना बसमध्ये वाचलेलं टिपून ठेवते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात माइक ठेवून ७१० दिशांची मोजमापं घेतली आणि सगळ्यांना फुकट दिली. पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने ४५ जणांच्या कानांची मोजमापं खुली केली.

त्याहून मोलाची गोष्ट १९९८ मधली, नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठातली. आम्ही कणीक लावली, त्यांनी माणसांच्या पाळीत साचे बसवले आणि ते आठवडेच्या आठवडे तसेच ठेवले. पहिल्या दिवशी वर-खाली गेलं. काही आठवड्यांत ते परत यायला लागलं, नव्या कानांनी. आणि साचे काढल्यावर जुने कान लगेच पहिल्यासारखे चालू. मेंदू नवी लिपी शिकतो, जुनी विसरत नाही.

यावरून आपल्यासाठी नियम: एक पद्धत निवडायची आणि निदान महिनाभर बदलायची नाही. रोज नवं सेटिंग करून बघणाऱ्याला कुठलंच सेटिंग कधी आवडणार नाही.

२७ जुलै, रविवार

उघडा हेडफोन की बंद, हा वाद आज मिटला, आणि तो ढोलांनी मिटवला.

एका मैत्रिणीकडून दोन हेडफोन आठवड्यासाठी आणले आहेत. सेनहायझर एचडी ५६०एस, ज्याच्या वाट्यांना मागून जाळी आहे, आणि बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओमचा (ओम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), मागून बंद. शांत दुपारी दोन्ही ऐकले. एचडी ५६०एस लावला की भिंती लांब सरकतात, आवाजाला अंगण मिळतं. बंद वाटीत तेवढं मोकळं वाटत नाही. निव्वळ कानाला विचारलं तर मी उघडाच घेतला असता.

संध्याकाळी सहाला नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला. आता विसर्जनापर्यंत रोज. मला ढोल आवडतात, लहानपणी मीही ताशा वाजवलाय, त्यामुळे ही तक्रार नाही, मोजमाप आहे. फोनमधल्या आवाजाच्या मीटरचा आकडा काटेकोर नसतो, पण फरक कळतो: खिडकी उघडी असताना ७२ डेसिबल, बंद केल्यावर ६३. उघड्या हेडफोनला हे सगळं आरपार. संवाद कळावेत म्हणून बाबा आवाज वाढवत गेले आणि नेहमीपेक्षा खूपच वर जाऊन थांबले. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. रोज तीन तास सिनेमा बघणाऱ्या माणसाचा ९० चा आठवडा मंगळवारीच संपतो.

मग बंदवाला लावला. कंपनी बाहेरचा आवाज साधारण १८ डेसिबलने कमी होतो म्हणते. प्रत्यक्षात ताशाची तर्री जवळजवळ गेली, ढोलाचा ठोका उरला. तसंच होणार, कारण वाटीची गादी वरचे आवाज सहज अडवते, खालचे मोठ्या लाटांचे आवाज तिला दाद देत नाहीत. पण संवाद असतात तर्रीच्या बाजूच्या पट्टीत, त्यामुळे बाबांनी आवाज आपणहून खाली आणला.

रात्री उलटी परीक्षा. धाकट्याने उघडा हेडफोन लावून गेम सुरू केला आणि मी दिवाणावर आडवी झाले. गोळीबार स्वच्छ ऐकू येत होता. बंदवाल्यात फक्त कीबोर्डची टकटक.

सहा आठवड्यांच्या ढोलासाठी वर्षभराची निवड करायची का, असं आई म्हणाली. ढोल सहा आठवडे, पण बाबांची झोप बारा महिने. बंदच.

एक बारकावा: बाबांच्या चष्म्याची काडी गादीखाली येते, तिथे फट पडते आणि खालचा आवाज गळतो. काडी अर्धा इंच वर उचलून गादीच्या वरच्या कडेला टेकवली की फट बुजते. त्यांना दाखवलंय.

३० जुलै, बुधवार

धाकट्याचे मित्र म्हणतात, ब्लूटूथ घे, वायरची कटकट नको. त्याच्या मित्राचाच आणून बघितला. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागे पडू शकतो. सिनेमाचे प्लेअर चित्र थोपवून ते सांभाळून घेतात, गेमला थोपवता येत नाही. गोळी आधी लागते, आवाज नंतर. त्यात बोलायला माइक चालू केला की ब्लूटूथ फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतं, एकच चॅनेल आणि टेलिफोनचा आवाज. सराउंड तिथेच संपला. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाले, म्हणजे कॉम्प्युटरला स्वतःचा छोटा यूएसबी तुकडा लावून चालणारे वायरलेस हेडसेट यातून सुटतात, पण आमच्या पैशात वायरवाला हेडफोन त्यांच्या कितीतरी वरचा येतो. वायर.

२ ऑगस्ट, शनिवार

अॅम्प्लिफायर लागेल का? सगळे 'लागेलच' म्हणत होते, म्हणून कागदावर मांडलं.

डीटी ७७० चा ८० ओमचा नग १ मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो. ८० ओममध्ये १ मिलिवॅट जायला ०.२८३ व्होल्ट लागतात. फोनला लावायच्या टाइप-सी डोंगलमधून, म्हणजे एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनच्या पिनेची जागा असलेल्या छोट्या तुकड्यातून, चांगल्यापैकी १ व्होल्ट मिळतो, म्हणजे साडेतीन पट, म्हणजे आणखी ११ डेसिबल. एकूण १०७. आम्हाला ७५ च्या आसपास ऐकायचंय, वरचे धमाके धरून ९५. अॅम्प्लिफायरचे सगळे पैसे वाचले. २५० ओमचाही नग मिळतो, दिसायला तोच, त्याला मात्र हा हिशोब लागू नाही. खोक्यावरचा ओमचा आकडा बघूनच घ्यायचा.

डोंगल लागणार हे नक्की. आमच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये माउस हलवला की बारीक चिर्र आवाज येतो, गेम सुरू झाला की वाढतो. कॅबिनेटमधल्या विजेची ती कुजबुज आहे. पावलं ऐकायची तर ती नको.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. डीटी ७७० सकाळी घरी आला, धाकट्याने ओवाळणीत डोंगल टाकला. दुसऱ्या डोंगलचे पैसे मी घातले. दोन का, ते पुढे कळेल. बोलण्यासाठी शर्टाला लावायचा कॉलर माइक, कॅबिनेटच्या गुलाबी जॅकला. मखमली गाद्या मऊ आहेत, ऑगस्टच्या दमटपणात तासाभराने कान गरम होतात. मध्ये पाच मिनिटं काढून ठेवायचा, कानांनाही बरं.

१० ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस मुख्य परीक्षेचा.

स्टीलच्या वाटीवर चमचा मारून आवाज रेकॉर्ड केला. त्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या असतात आणि सुरुवात टोकदार असते, दिशा ओळखायला असाच आवाज लागतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ चॅनेलची फाइल केली. सात दिशा, प्रत्येक दिशेने तीन ठोके, क्रम उलटसुलट. २१ ठोके. ऐकणारा डोळे मिटून हात करणार, दुसरा लिहिणार.

साताचे दोन करणाऱ्या तीन पद्धती लावल्या. पहिली विंडोज सॉनिक, जी विंडोजमध्येच असते आणि फुकट आहे. दुसरी डॉल्बी अॅटमॉस फॉर हेडफोन्स, काही दिवस फुकट बघायला मिळते, मग एकदाच पैसे. तिसरी हेसुवी, फुकट, इक्वलायझर एपीओ या आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारी. तिच्यात चौदा नोंदींची एक फाइल असते, सात स्पीकर गुणिले दोन कान, आणि अशा कितीतरी खोल्यांच्या, कितीतरी कानांच्या फाइली आयत्या मिळतात. शिकायला हिच्यासारखी दुसरी जागा नाही. मी एकच निवडून ठेवली होती, नाहीतर दिवस पुरला नसता.

डावं-उजवं तिघांचंही तिन्हींत बरोबर. पुढचं-मागचं उलटं झाल्याच्या चुका, २१ पैकी:

सॉनिक: धाकटा ४, मी ८, बाबा १३.
डॉल्बी: धाकटा ७, मी ६, बाबा ११.
हेसुवी: धाकटा ५, मी ५, बाबा १२.

एकाच खोलीत, एकाच हेडफोनमध्ये, एकाच आईबापाची मुलं, आणि धाकट्याला जे सगळ्यात बरं ते मला सगळ्यात वाईट. 'सगळ्यात चांगलं कोणतं' हे दुसऱ्याला विचारून उपयोग नाही, ते यासाठी. वाटी, चमचा आणि अर्धा तास, एवढं भांडवल पुरतं.

बाबांच्या चुका जास्त येणार हे ठाऊक होतं. वयानुसार आधी जातात त्या वरच्याच पट्ट्या, आणि पाळीचे ठसे नेमके तिथेच असतात. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मला कोण कुठे उभं आहे ते नको, कोण काय बोलतंय ते हवंय."

त्यांच्या या वाक्याने सिनेमाचा निकाल लागला. ५.१ च्या सिनेमात संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनेलमध्ये असतात. साध्या दोन चॅनेलमध्ये उतरवताना ते डावी-उजवीकडच्या संगीतात कालवले जातात. सराउंड लावला की संगीत आणि पाऊस बाजूंना पांगतात, बोलणं मध्ये एकटं उरतं. लग्नाच्या हॉलमध्ये गोंगाटातही समोरच्याचं बोलणं पकडता येतं ते याच जोरावर. कोलिन चेरी यांनी १९५३ मध्ये त्याचा अभ्यास केला होता. बाबांना एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी ऐकवला. सराउंडमध्ये त्यांनी तीन वाक्यं जास्त सांगितली.

बाबांसाठी डॉल्बी. हेसुवीला कॅबिनेटच्या आवाजाचं ७.१ सेटिंग लागतं, आणि दोन चॅनेलच्या डोंगलवर ते दिसत नाही. मधे खोटं साउंडकार्ड बसवून करता येतं, पण ते बिघडलं तर बाबांना एकट्याला दुरुस्त करता येणार नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. धाकटा सकाळपासून वैतागलेला: "ताई, पावलं सगळीकडून येतायत." बघितलं, तर गेमच्या आत एचआरटीएफ चालू आणि बाहेरून डॉल्बीही चालू. गेमने पावलाला एकदा कान लावले, मग डॉल्बीने त्या आवाजाला दोन स्पीकर समजून पुन्हा कान लावले. कणकेवर कणीक. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेममध्ये हे गणित आतच असतं, आणि ते जास्त अचूक, कारण पाऊल नेमकं कुठे आहे हे गेमला ठाऊक असतं, त्याला सात स्पीकरच्या खाचांत बसवावं लागत नाही. तेव्हा गेमचं आतलं चालू, बाहेरचं सगळं बंद, आउटपुट साधं स्टिरिओ. ज्या जुन्या गेममध्ये आतलं नसतं आणि ५.१ किंवा ७.१ मिळतं, तिथेच बाहेरचं.

दोन डोंगल घेतले ते यासाठीच. विंडोज हे सेटिंग प्रत्येक आउटपुटला वेगळं लक्षात ठेवतं. एका डोंगलला लाल दोरा: डॉल्बी चालू, बाबांचा. दुसऱ्याला पांढरा: सगळं बंद, धाकट्याचा. पिन एकातून काढायची, दुसऱ्यात घालायची आणि खालच्या पट्टीतून आउटपुट बदलायचं. सेटिंगच्या पानात कुणी शिरायचं नाही.

संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात तालमीला गेले होते. विंगेतून कुत्रं भुंकण्याचा आवाज सोडला आणि समोरच्या दोघांनी नकळत मान वळवली. मान वळली तरी कुत्रं विंगेतच राहिलं. हेडफोनमध्ये मान वळवली की कुत्रंही सोबत वळतं, आणि मेंदूचा पुढच्या-मागच्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा जातो. मानसशास्त्रज्ञ हान्स वालाख यांनी १९४० मध्येच हे दाखवलं होतं. मान ओळखणारे हेडफोन आता मिळतात, अॅपलने इयरफोनमध्ये २०२० पासून ती सोय दिली. गेममध्ये माउस हाच मान असतो, म्हणून धाकट्याला ती उणीव फारशी जाणवत नाही. बाबांच्या सिनेमाला जाणवते. पुढच्या खरेदीत याचा विचार आधी करायचा.

१७ ऑगस्ट, रविवार

बाबांनी आज प्रभातचा एक जुना बोलपट लावला. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून पुण्यात आली. तिचा स्टुडिओ होता तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट (एफटीआयआय) आहे. आजोबा तिथल्या रस्त्याने सायकलवर जायचे, हे बाबा दरवेळी सांगतात आणि मला दरवेळी ऐकायला आवडतं.

या बोलपटांचा आवाज एकाच चॅनेलचा. साध्या हेडफोनमध्ये तो दोन्ही कानांत तंतोतंत सारखा जातो आणि कवटीच्या बरोबर मध्ये बसतो. बाबांचं 'कानात बोलतात' ते हेच. सराउंड इथे दिशा निर्माण करू शकत नाही, मुळात नाहीतच. पण लाल दोऱ्याचा डोंगल लावला तर तोच आवाज समोरच्या दोन काल्पनिक स्पीकरमधून आल्यासारखा थोडा पुढे सरकतो. कपाळापासून हातभर. मला जुन्या रेकॉर्डिंगवर चढलेली ती किंचित खोली खटकली, मी असते तर बंद केली असती. बाबांनी दोनदा चालू-बंद करायला लावलं आणि म्हणाले, "चालू राहू दे. आता समोर आहेत."

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. काम बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

विसर्जन होऊन आठवडा झाला. नदीकडची खिडकी उघडी आहे आणि मीटर ४६ दाखवतंय.

पाच आठवडे बाबांचं सेटिंग बदललं नाही. आज तीच वाटी-चमच्याची फाइल, पण ठोक्यांचा क्रम नवा, पाठांतराची शंका नको म्हणून. बाबा, डॉल्बी: ११ चुका होत्या, आज ७. मी मधल्या काळात हेडफोन फारसा वापरला नाही, माझ्या तेव्हाही ६, आजही ६. धाकट्याच्या गेमची परीक्षा अशी घेता येत नाही. त्याने पांढऱ्या डोंगलवर एक सामना खेळून दाखवला आणि प्रत्येक पावलाला खेळताखेळता दिशा बोलत गेला. बहुतेक बरोबर. वरच्या मजल्यावरची अजून चुकतात. ती गेमकडूनच नीट येत नाहीत की त्याचे कान वेगळे आहेत, ते दिवाळीच्या सुट्टीत दुसरा गेम लावून बघायचं.

बाकी राहिलेलं: वायर तीन मीटरची आहे, आईच्या पायात येते, टेबलाखालून क्लिपा मारायच्या. गाद्यांवर चष्म्याच्या जागी खळगा पडायला लागलाय, वर्षभराने बदलाव्या लागतील. खरेदीची तारीख हेडफोनच्या पट्टीच्या आत पेनाने लिहून ठेवली आहे. कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवली: लाल दोरा सिनेमा, पांढरा दोरा गेम, कॉम्प्युटरचा आवाज ४० च्या वर नाही. शेवटची ओळ बाबांनी स्वतःच्या हाताने घातली.